नाव आणि अर्थ : हारिस

सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे जावळ उतरते, नाव ठेवले जाते. आणि मग घरात चर्चा सुरू होते. एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. नातवाचे नाव 'हारिस' ठेवले. एका पुस्तकात अर्थ सापडला 'शेतकरी', दुसऱ्यात 'रखवालदार'. एका पाहुण्याने तर 'लोभी' असे सांगून टाकले. आजीच्या मनाला घोर लागला आहे.

गोंधळ नावाचा नाही, लिपीचा आहे. अरबीत हे तीन वेगळे शब्द आहेत. शेवटी 'से' असेल तर हारिस म्हणजे जमीन कसणारा, मेहनत करून कमावणारा. शेवटी 'सीन' असेल तर राखण करणारा. तिसरा शब्द हरीस. त्यात 'स्वाद' येतो, 'ह' ऱ्हस्व आणि 'री' दीर्घ असते. त्याचा अर्थ हाव धरणारा, पण तीव्र तळमळ असणारा असाही होतो. सूरह तौबाच्या १२८व्या आयतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांना लोकांच्या भल्याची किती ओढ होती, हे सांगताना हाच शब्द आला आहे. मराठीत मात्र तिन्ही अक्षरांना एकच 'स' मिळतो.

यातले जुने आणि प्रसिद्ध नाव 'से'चे. इस्लामच्या आधीपासून ते अरबस्तानात चालत आले आहे. प्रेषितांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांच्या थोरल्या मुलाचे नाव हारिस होते. उम्मुल मोमिनीन हजरत जुवैरिया (रजि.) आणि हजरत मैमूना (रजि.) या दोघींच्या वडिलांचेही नाव हेच. बसऱ्यात जन्मलेले आणि बगदादमध्ये नावारूपास आलेले सूफी विद्वान हारिस मुहासिबी (मृत्यू इ.स. ८५७) हेही याच नावाचे. अरबीत सिंहालाही 'अबुल हारिस' म्हणतात.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वांत प्रिय नावे सांगितली आहेत, तर हारिस आणि हम्माम ही सर्वांत खरी नावे. खरी का? उलमा समजावतात की सालेह नावाचा माणूस सदाचारी निघेलच असे नाही, पण प्रत्येक माणूस काही ना काही कमावतो, म्हणजे हारिस असतो. आणि मनात काही ना काही इरादा धरतो, म्हणजे हम्माम असतो. ही नावे कोणालाच खोटी ठरत नाहीत.

सूरह आराफच्या तफसीरमध्ये एक रिवायत येते. इब्लीसने हजरत हव्वा (अ.) यांना मुलाचे नाव 'अब्दुल हारिस' ठेवायला सांगितले, असे तिच्यात म्हटले आहे. त्यामुळेही काही जण या नावाला बिचकतात. इब्ने कसीर यांनी या रिवायतीतील दोष दाखवून दिले आहेत. शिवाय प्रेषित (स.) वाईट अर्थाची नावे बदलत असत, पण हजरत हारिस बिन हिशाम (रजि.) यांचे नाव तेच राहिले. वही कशी येते, हे प्रेषितांना विचारणारे सहाबी ते हेच. त्यांचा हा प्रश्न सहीह बुखारीच्या अगदी सुरुवातीला आहे.

तेव्हा आजीने निश्चिंत व्हावे. फक्त एक करा. जन्मदाखल्यावर 'हारिस' लिहा, 'हरीस' नको. उर्दूत 'से' लिहायचा की 'सीन', हे घरात एकदा पक्के करा. 'से' असेल तर इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी टी-एच लावता येईल. शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे एकच रूप ठेवा.

आणि मूल समजते झाले की त्याला अर्थ सांगा. सूरह शूराच्या २०व्या आयतीत 'हर्स', म्हणजे शेती-पीक, हा याच धातूचा शब्द आहे. ज्याला आखिरतचे पीक हवे, त्याचे पीक अल्लाह वाढवतो. हारिस तर प्रत्येक जण असतो. पेरायचे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे.