गावात काय ठेवलंय?

मागच्या डिसेंबरात आमच्या होस्टेलवर धाड पडली. रेक्टर सर, दोन वॉचमन आणि एक पोतं! पाणी तापवायचे रॉड शोधायला आले होते. आमच्या मजल्यावरून बरोबर दहा रॉड निघाले. त्यातला एक माझा होता. आता कबूल करायला हरकत नाही, दंड भरून झालाय. प्रत्येक रॉडवर लिहिलेलं होतं, 1500 वॅट. बाकीची पोरं हसत होती, आणि मी मनातल्या मनात गुणाकार करत होतो. दहा गुणिले 1500, म्हणजे 15 किलोवॅट. हा आकडा मी लहानपणापासून ऐकत आलोय. कारण एके काळी एवढ्याच विजेवर बिलगाव उजळलं होतं.

आता तुम्ही विचारणार, "बिलगाव कुठं आलं?" नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात. सातपुड्याच्या आत, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठी. माझा पाडा याच तालुक्यातला. फर्स्ट इयरला मी "नंदुरबार" म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे गुजरात का रे?" नाही हो, महाराष्ट्रच! 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. तुमच्या पाकिटात जे आधार कार्ड आहे ना, देशातलं तसलं पहिलं कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. म्हणजे आम्ही देशाच्या यादीत सगळ्यात आधी नोंदले गेलो. होस्टेलच्या नकाशावर यायचं मात्र राहून गेलं!

"गावात काय ठेवलंय?" हा प्रश्न मला या वर्षी दोघांनी विचारला. एक माझा रूममेट आणि दुसरे माझे वडील. रूममेटचं मी हसण्यावारी नेलं. वडिलांचं नाही नेता आलं. म्हणून हा लेख.

आधी आमच्याकडचं जगणं सांगतो. आमच्या पाड्यावर घराला घर लागून नसतं, एकेक घर एकेका टेकडीवर. पावसाळ्यात ज्वारी, मका. उन्हाळ्यात महूची फुलं, चारोळी आणि आमचूर. दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातकडे निघतो, पोरांची शाळा तिथेच सुटते. पेशंट झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो, हे मी स्वतः केलेलं आहे. नर्मदेच्या काठावरच्या गावांची तर तऱ्हाच वेगळी, तिथे सरदार सरोवराच्या पाण्यामुळे होडीशिवाय पर्याय नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोचत होत्या. पेपरांत फोटो आले, सत्कार झाले. चांगलंच झालं. पण होडी वल्हवायची वेळ त्यांच्यावर का आली, हा प्रश्न सत्काराच्या हारात झाकून गेला.

हे वाचून कुणी "अरेरे" म्हणू नका. मला कीव नकोय. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आपण सगळे धरून चालतो की दुर्गम गाव म्हणजे रिकामी जागा. तिथे बाहेरून काही नेऊन टाकलं तरच काही होईल. बिलगावने हे खोटं ठरवलेलं आहे.

2003 साली तिथे धबधब्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे दोन तरुण इंजिनियर आले, नर्मदा बचाओ आंदोलनाचे कार्यकर्ते होते, 'एड' या संस्थेने मदत केली. पण दगड वाहिले, बंधारा घातला, पाट खणला तो गावाने, श्रमदानातून. माझे एक मामा त्यात होते. अजून सांगतात, दगड उचलताना आधी कुणाला खरं वाटत नव्हतं. दिवे लागले आणि म्हातारी माणसं रात्रभर झोपली नाहीत!

यात जादू काही नव्हती. टर्बो मशीन्सच्या पेपरला आपण जे सूत्र पाठ करतो तेच. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला सतरा लिटर पाणी पडलं आणि कार्यक्षमता साठ टक्के धरली, की एक किलोवॅट मिळतो. बिलगावला 15 किलोवॅट मिळाले आणि ते सुमारे 300 घरांत वाटले गेले. भागाकार करा, घराला 50 वॅट. आपल्या खोलीतला पंखासुद्धा याहून जास्त खातो. आणि आमच्या मजल्यावर दहा जण अंघोळीच्या पाण्यासाठी एका वेळी तेवढी वीज उडवत होते, मी धरून!

'स्वदेस' तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. 2004 चा. शूटिंग वाईजवळच्या मेणवलीला झालं, पण त्या गोष्टीमागे बिलगाव होतं असं सांगितलं जातं. सिनेमात म्हातारीच्या घरात बल्ब लागतो आणि आपण डोळे पुसतो. खऱ्या गोष्टीचा शेवट सिनेमात नाही. सरदार सरोवराची भिंत वाढत वाढत 121.92 मीटरवर गेली आणि 2006 च्या पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली गेला. गावाला तो चालवता आला नाही म्हणून बंद पडला नाही, तर तिकडे 1450 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहत होता म्हणून बुडाला. त्या मोठ्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. त्यासाठी आमच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली.

मोठी धरणं नकोतच, असं सरसकट मी म्हणत नाही. चाकणच्या प्रेस शॉपला 15 किलोवॅट पुरणार नाहीत हे मलाही कळतं. पण हिशोब मांडताना बिलगावचे 15 किलोवॅट कुठल्याच कागदावर आले नाहीत, हे मला खटकतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारवाक राज्यात, 2400 मेगावॅटच्या बाकुन धरणासाठी सुमारे दहा हजार आदिवासींना उठवून सुंगाई आसापला वसवलं गेलं. पण त्याच राज्यात बाराम नदीच्या लोकांनी 2013 पासून रस्ते अडवून धरले आणि 2016 मध्ये सरकारने धरणासाठी घेतलेली जमीन परत केली. तिथल्याही कित्येक गावांत ओढ्यावरचे छोटे जनित्र गावकरीच चालवतात. सातपुडा काय अन् बोर्निओ काय, ओढ्याचं पाणी आणि माणसाचं डोकं सगळीकडे सारखंच.

आता आजचं बोलू. आमच्या भागात बऱ्याच पाड्यांवर खांब आलेत, सोलरची पॅनेल आलीत. अडचण पुढे आहे. आमच्या पाड्यावरच्या सोलर दिव्याची बॅटरी बसली, तो तीन वर्षं नुसता खांब म्हणून उभा आहे. माझ्या चुलतभावाने त्याला बैल बांधायला सुरुवात केलीय! वस्तू पोचते. ती दुरुस्त करणारा माणूस पोचत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दुर्गम गावाचं भवितव्य उद्घाटनावर ठरत नाही. बिघडलं तर दिवसभराच्या वाटेवर दुरुस्त करणारा कुणी आहे का, यावर ठरतं. आणि तो गावातलाच असेल तर सर्वांत उत्तम.

इथे आपला संबंध येतो. आपल्याकडे फायनल इयरचे प्रोजेक्ट कसे होतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि सरांनाही. निम्मे रेडिमेड येतात. ओरल झाली की स्टोअररूममध्ये धूळ खात पडतात. चार जणांचं वर्षभराचं काम कशाच्याच उपयोगाचं नाही! माझं म्हणणं एवढंच, कॉलेजने दर वर्षी निदान एक प्रोजेक्ट असा घ्यावा जो ओरलच्या दिवशी संपत नाही. तो गावात बसवायचा, तिथल्या दोन पोरांना खोलायला-जोडायला शिकवायचा, पुढच्या बॅचने जाऊन बघायचा. चालत नसेल तर का चालत नाही, तोच पुढच्या बॅचचा प्रोजेक्ट.

कुणी म्हणेल, मग तू स्वतः का नाही जात? रास्त प्रश्न आहे. चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर माझ्या बॅगेत आहे आणि मी जॉईन होणार आहे. शैक्षणिक कर्ज आहे, धाकटी बहीण अजून आश्रमशाळेत आहे. वडील फोनवर म्हणाले, "परत येऊ नको. गावात काय ठेवलंय?" ज्या माणसाने आयुष्यभर तो डोंगर कसला, त्याच्या तोंडून हे ऐकताना कसं वाटतं ते लिहिता येत नाही. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे भाषण नाही. एक छोटं काम आहे.

धडगावचा आमचूर प्रसिद्ध आहे. मे महिन्यात घरोघरी कैरीच्या फोडी वाळत घालतात. अवकाळी पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. कुटुंबाची महिनाभराची मेहनत एका सरीत जाते. मला एक सोलर ड्रायर बनवायचाय, गावच्या सुताराला आणि वेल्डरला दुरुस्त करता येईल असा. पत्रा, काच, लाकूड आणि एक छोटा पंखा. डिझाइन अर्धं झालंय. जॉईन व्हायच्या आधी मे महिना हातात आहे.

मला दोन जण हवेत. ब्रँच कुठलीही चालेल. जेवण आमच्या घरी, ज्वारीची भाकरी. झोपायला अंगण. नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळतं.

यायचं असेल तर रूम नंबर 214. फक्त रॉड आणू नका. पाणी चुलीवर तापतं.

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)