विश्लेषण : मोटरवर १० वर्षांची वॉरंटी, मग फ्रंट लोड वॉशिंग मशीन त्याआधीच भंगारात का जाते?

‘मोटरवर १० वर्षांची वॉरंटी’ हा स्टिकर बहुतेक फ्रंट लोड मशीनवर ठळकपणे झळकतो. ‘मशीन १० वर्षे टिकणार’, असा त्याचा अर्थ अनेक ग्राहक लावतात. प्रत्यक्षात मोटर सहसा शेवटपर्यंत शाबूत असते. मग मशीन बाद कशामुळे होते? खरेदीपूर्वी काय पाहावे?

वॉरंटीत काय नसते?

मोटरची वॉरंटी फक्त मोटरपुरती असते. पूर्ण मशीनची वॉरंटी त्याहून बरीच कमी असते. ती संपली की कंट्रोल बोर्ड (पीसीबी), ड्रेन पंप, दाराचे रबर आणि बेअरिंग यांचा खर्च ग्राहकावर येतो.

सर्वात महागडा बिघाड कोणता?

बेअरिंगचा. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो आणि त्याला आधार फक्त मागच्या बाजूने असतो. ओल्या कपड्यांचा सगळा भार तिथल्या शाफ्ट आणि बेअरिंगवर येतो. सील झिजले की पाणी आत शिरते, बेअरिंग गंजते आणि स्पिनच्या वेळी घरघर सुरू होते.

बेअरिंग तसे स्वस्त असते. पण अनेक मॉडेलमध्ये बाहेरचा प्लास्टिकचा टब कारखान्यातच कायमचा जोडलेला असतो. तो उघडता येत नसल्याने संपूर्ण टब बदलावा लागतो. खर्च इतका वाढतो की ग्राहक नवे मशीनच घेतो. स्क्रूने जोडलेला टब मात्र उघडून दुरुस्त करता येतो.

डायरेक्ट ड्राइव्ह घेतले तर?

त्यात बेल्ट नसतो आणि आवाज कमी येतो. मात्र बेअरिंग त्यातही असतेच. शिवाय बेल्ट हा बदलायला सोपा आणि स्वस्त भाग आहे. स्टार रेटिंगही वीज आणि पाण्याच्या वापराबद्दल सांगते, आयुष्याबद्दल नाही.

कायदा काय सांगतो?

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. भारतात अशी सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

दुकानात कोणते प्रश्न विचारावेत?

* टब उघडता येतो की बंदिस्त आहे? विक्रेत्याला माहीत नसेल, तर सर्व्हिस सेंटरला विचारा.
* वॉरंटीनंतर पीसीबी आणि टब बदलण्याचा खर्च किती?
* आपल्या गावात किंवा तालुक्यात सर्व्हिस सेंटर आहे का?

हिशेब वर्षाचा करा. समजा, ३२ हजारांचे मशीन ६ वर्षे चालले, तर वर्षाला सुमारे ५,३०० रुपये पडतात. ३८ हजारांचे मशीन १० वर्षे चालले, तर ३,८०० रुपये.

घरी काय काळजी घ्यावी?

बोअरवेलचे पाणी जड असेल तर हीटरवर क्षार साचतात, त्यामुळे ठरावीक काळाने डिस्केलिंग करावे. पावडर मोजूनच घालावी, ड्रम ठासून भरू नये आणि धुणे झाल्यावर दार थोडे उघडे ठेवावे. घरघर ऐकू आली तर लगेच मेकॅनिकला दाखवावे. दुर्लक्ष केल्यास बेअरिंगबरोबर शाफ्टही खराब होतो.