सातपुड्याचे ऊन, पाड्याचे पाणी

नंदुरबार - धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरी पाड्यांना वर्षातील बराच काळ कडक ऊन लाभते. शुद्ध पाणी मात्र तितके सहज मिळत नाही. नळ पोहोचला नाही तेथे झरा, विहीर किंवा हातपंप हाच आधार. या उन्हानेच पाणी निर्जंतुक करता येईल का? प्रकाश-उत्प्रेरकांवरील संशोधनाने ही आशा जागवली आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगात सर्रास वापरले जाणारे संयुग. प्रकाशात त्याच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये दाखवले. अशाच क्रियेने जिवाणू मारता येतात, हे 1985 मध्ये जपानमध्येच सिद्ध झाले. प्रकाश पडताच या संयुगाच्या पृष्ठभागावर अतिक्रियाशील घटक तयार होतात आणि ते जिवाणूंचे आवरण फोडतात. उत्प्रेरक मात्र खर्च होत नाही.

अडचण अशी, की त्याला अतिनील किरण लागतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. म्हणूनच नायट्रोजन किंवा अन्य मूलद्रव्ये मिसळून दृश्य प्रकाशातही काम करणारे पदार्थ घडवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नागपूरची 'नीरी' यांनीही या विषयात काम केले आहे.

तथापि, प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात विरघळवलेला रंग किती फिका पडतो, हे मोजले जाते. झऱ्याच्या पाण्यात क्षार आणि कुजलेला पालापाचोळा असतो. क्रियाशील घटक त्यातच खर्ची पडतात. उत्प्रेरकाची सूक्ष्म भुकटी पाण्यातून परत काढणे हेही कठीण. ती काचेवर वा मातीच्या भांड्यावर पक्की बसवावी लागेल. सर्वांत मोठा पेच पावसाळ्याचा. पाणी गढूळ होऊन रोगांची भीती वाढते, नेमके तेव्हाच आभाळ झाकोळलेले असते.

शिवाय क्लोरीनचा अंश साठवलेल्या पाण्याचे काही काळ रक्षण करतो. ते काम उत्प्रेरक करत नाही. म्हणून आज तरी पाणी उकळणे आणि टीसीएल पावडर यांना पर्याय नाही. मात्र संशोधकांनी आपल्या पदार्थाची परीक्षा जुलै महिन्यात, पाड्यावरच्या हंड्यातील पाण्यावर घ्यावी. तेथे तो उतरला, तरच या संशोधनाचा सातपुड्याला उपयोग.