ताशी पाच मैल

मंगरुळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायची वाट आहे. मोटार एकदा वर गेली की ताशी 120 किलोमीटरने धावायला मोकळी. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 पासून पुरा खुला झाला आहे. ट्रॅक्टरला मात्र तेथे मज्जाव! 1999 सालच्या ‘द स्ट्रेट स्टोरी’ या अमेरिकन चित्रपटाच्या नायकालाही कोणी वर चढू दिले नसते. त्याचे वाहन म्हणजे ट्रॅक्टरचे धाकटे भावंडच, बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र.

गोष्ट खरी घडलेली आहे. आयोवातल्या लॉरेन्स गावचा ऑल्विन स्ट्रेट, वय 73, दृष्टी अधू, मोटारीचा परवाना नाही. दूर विस्कॉन्सिनमध्ये भावाला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा 1994 च्या उन्हाळ्यात हा गृहस्थ यंत्रामागे सामानाची गाडी जोडून निघाला. अंतर 240 मैल, वेग ताशी पाच. पोचला सुमारे सहा आठवड्यांनी.

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचे एरवीचे चित्रपट बिऱ्हाडासह पाहण्यासारखे नव्हेत. हा मात्र दिवाळीच्या सुटीत आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी पाहावा. त्यात देव नाही, गुरू नाही, साक्षात्कार तर नाहीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका नि सोयाबीन. वाशीमकडच्या माणसाला परके वाटू नये असे शिवार. चित्रपटात हे भाऊ दहा वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. भांडण कशाचे, ते नीटसे कळत नाही. आपल्याकडे बहुधा धुऱ्याचे निघाले असते!

वाटेत एक भला माणूस म्हातारबांना मोटारीने पोचवतो म्हणतो. ते नको म्हणतात. मोटारीने काही तासांत भावाचे दार आले असते खरे. पण दहा वर्षांचा ताठा तेवढ्यात उतरला असता का? शेगावच्या पालखीबरोबर रिसोडवरून पंढरीला पायी जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एसटी असते हे त्यालाही ठाऊक असतेच की! रोज थोडी वाट सरते, आणि मनावरचे थोडे ओझेही. महायुद्धात आपलाच सोबती आपल्या हातून चुकून मारला गेला, हे ऑल्विन वाटेतल्या एका अनोळखी म्हाताऱ्याजवळ बोलून टाकतो.

ही भूमिका करणारे रिचर्ड फार्न्सवर्थ तेव्हा कर्करोगाने आजारी होते. चालतानाच्या त्या वेदना नुसत्या अभिनयाच्या नाहीत.

शेवटी भाऊ वॉकरच्या आधाराने बाहेर येतो. त्याची नजर यंत्राकडे जाते. यावरूनच आलास का, एवढेच तो विचारतो. भांडणाचा विषय निघत नाही. दोघे ओसरीवर बसून राहतात आणि वर चांदण्यांकडे पाहतात.