शुद्ध रक्ताचा खोटा दस्तऐवज



धम्मदीक्षा घेताना आपण जातीचा त्याग केला. परंतु सोयरीक जुळविण्याची वेळ आली, की आपल्यांतीलच काही घरांतून "पोटजात कोणती?" असा प्रश्न अद्यापि ऐकू येतो. 'रक्त शुद्ध राखावे' ही जुनीच समजूत त्यामागे दडलेली आहे. ती पुराव्यास उतरते काय, हे आज पाहू.

वारसा रक्तातून येत नाही, तो गुणसूत्रांतून येतो. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडील, एक बापाकडील. बीजपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते. तेव्हा जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकमेकांस बिलगून आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. आजोबांचा अंश व आजीचा अंश असा एकाच सूत्रात गुंफला जातो. पुढे जोड्या फुटतात, आणि प्रत्येक जोडीची वाटणी स्वतंत्रपणे होते. केवळ या वाटणीनेच एका व्यक्तीच्या बीजपेशींचे 83,88,608 प्रकार संभवतात. आईबाप मिळून ही संख्या 70 लाख कोटींवर जाते. म्हणूनच सख्खी भावंडेही एकसारखी निपजत नाहीत.

कोणी म्हणेल, ही सरमिसळ जातीच्या आतच होते. तर मग जातीच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वी काय होते? हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील व हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 साली दाखविले, की सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी या देशातील समाज परस्परांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, बेटीबंदी त्यानंतरची. जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनाने, हे बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात 1916 सालीच सांगितले होते.

तथापि आपली समता प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उभी नाही. माणसामाणसांत भेद आहेतच. भेद म्हणजे उच्चनीचता नव्हे, एवढेच धम्म सांगतो.

आपले गडहिंग्लज ज्या करवीर संस्थानात होते, तेथे राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिली. 1954 चा विशेष विवाह कायदा वधूवरांकडून 30 दिवसांची नोटीस मागतो, जात मागत नाही. जे कायदा विचारीत नाही, निसर्ग जाणत नाही, ते बौद्धाने का विचारावे? यापुढे स्थळ पाहताना शील विचारा, शिक्षण विचारा आणि मुलीची संमती विचारा. पोटजात विचारू नका. कोणी विचारल्यास सांगूही नका.

जय भीम!