टाकीतले शेवाळ आणि प्रतिजैविकांचा शॉर्टकट

घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणाऱ्या बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांतच शेवाळ गाठते. आधी काचेवर तपकिरी थर, मग दगडांवर केसांसारखे हिरवे तंतू आणि पुढे वाळूवर लालसर-जांभळी, बुळबुळीत साय. महागडे प्रवाळ त्याखाली झाकले जाऊ लागले, की 'औषध टाका, दोन-तीन दिवसांत साफ' असा सल्ला मिळतो. ते औषध अनेकदा एरिथ्रोमायसिन असते, म्हणजे माणसांना दिले जाणारे प्रतिजैविक.

ते लागू पडते, हे खरे. लाल साय हे मुळात शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे, प्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे जीवाणू असतात. त्यामुळे जीवाणूनाशक औषध त्यांना मारते. पण ते वाढले कशामुळे, हा प्रश्न तसाच राहतो. माशांना घातलेले जादा खाद्य, त्यांची विष्ठा आणि काही वेळा नळाचे पाणी यांतून नायट्रेट व फॉस्फेट साठत जातात. औषधाने ते कमी होत नाहीत. उलट मेलेली साय कुजून पुन्हा पाण्यात मिसळते, प्राणवायू घटतो. अमोनियाचा निचरा करणारे उपयुक्त जीवाणूही औषधाच्या तडाख्यात सापडू शकतात. काही आठवड्यांनी साय परत येते आणि पुन्हा औषधाची बाटली उघडते.

ताप का आला हे न शोधता गोळ्या घेण्याचाच हा प्रकार. एरिथ्रोमायसिन घटसर्प आणि डांग्या खोकल्यासाठी वापरले जाते. टाकीतले औषधमिश्रित पाणी गटारात जाते, तेव्हा तिथल्या असंख्य जीवाणूंना औषधाची अपुरी मात्रा मिळते. त्यातून तगलेले जीवाणू प्रतिकाराची जनुके इतर जीवाणूंनाही देऊ शकतात. हिरव्या शेवाळाच्या एका चिवट प्रकारावर काही हौशी मंडळी फ्लुकोनॅझोल हे माणसांचे बुरशीनाशक वापरतात. त्याला दाद न देणाऱ्या बुरशी आज अतिदक्षता विभागांची डोकेदुखी झाल्या आहेत.

एका टाकीचा यातला वाटा नगण्य आहे, असे म्हटले जाईल. माणसांतला आणि पशुपालनातला गैरवापर कितीतरी मोठा आहे, हेही मान्य. पण चिठ्ठीशिवाय मिळणारे प्रतिजैविक साफसफाईच्या पावडरीसारखे वापरायची सवय घरातूनच मोडायला हवी.

खरा उपाय संथ आहे. साय नळीने ओढून काढावी. खाद्य काही मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी आरओच्या शुद्ध पाण्याने भरावे, दर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलावे, दिवे आठ तासांच्या आसपास ठेवावेत आणि पाण्याचा प्रवाह वाढवावा. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींचीही मदत होते. नायट्रेट-फॉस्फेट किटने तपासत राहावे. ते शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र नको, कारण प्रवाळांनाही थोडे लागतातच. फरक दिसायला महिना-दीड महिना जाऊ शकतो.

हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू त्वचेवर चिवट गाठी आणतो आणि त्यावर अनेक महिने प्रतिजैविके घ्यावी लागू शकतात. त्यांपैकी नेहमी वापरले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन एरिथ्रोमायसिनच्याच कुळातले आहे. ही औषधे माणसांच्या आजारांसाठीच राखून ठेवलेली बरी.