घर विकायला दलाल हवाच का?



उसाच्या खताचं विचारता विचारता बरेच जण हळूच विषय काढतात, "साहेब, गावातलं जुनं घर विकायचं आहे, दलाल गाठू का?" घर हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण पैसा शेतकऱ्याचा आहे, म्हणून लिहितो.

दलालाजवळ दोन गोष्टी असतात, भाव आणि गिऱ्हाईक. शेकडा २ दलाली धरली, तर २० लाखांच्या घरामागे ४० हजार रुपये गेले. गुळाचा भाव काढल्याशिवाय तुम्ही गाडी भरत नाही. मग घराचा का काढू नये? आपल्या गल्लीत अलीकडे विकलेल्या घरांची 'सूची दोन' दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. तीत क्षेत्र आणि रक्कम दिसते. सरकारी मूल्यदर तक्ताही पाहा, पण तो मुद्रांक शुल्कासाठी असतो; तोच बाजारभाव समजू नका.

गिऱ्हाईक शोधायला आधी भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याच्याइतकी गरज दुसऱ्या कुणाला नसते. मग दूध संस्थेचा फळा, पाव्हणेरावळे, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. मोबाईलवरही फुकट जाहिरात देता येते. मात्र "पैसे पाठवतो, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

खरी मेख कागदात आहे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा घरपट्टीच्या आकारणीचा असतो, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. तुमच्या गावात ती झाली असेल, तर मिळकत पत्रिका काढून घ्या आणि तीवरची नावं नीट वाचा.

आणि बहिणी! वडिलोपार्जित घरात २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. साडीचोळीवर बोळवण करून सौदा उरकायला गेलात, तर खरेदीपत्राच्या दिवशीच घोडं अडतं, किंवा नंतर कोर्टात. भाव ठरवण्याआधीच त्यांना माहेरी बोलावून सांगा, हिश्शाचं बोला. दलाल हे काम करत नाही, आणि बऱ्याचदा करूही देत नाही.

दलाल टाळलात तरी वकील टाळू नका. जाहीर नोटीस आणि खरेदीपत्राचा मसुदा त्याच्याकडूनच करून घ्या. विसार बँकेतून घ्या, रोखीनं नको. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत खरेदीपत्र नोंदणीला दाखल व्हावं लागतं. आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय घराची किल्ली हातातून सोडू नका.